बरणीकाकांची डबी

गल्लीत त्यांना सगळे बरणीकाका म्हणत. खरं नाव पोस्टमनला ठाऊक असेल तर असेल. घराच्या मागच्या खोलीत ते जॅम करत. फळं निवडायची, चिरायची, साखर घालून कढईत आटवायची आणि वाफाळता जॅम बरण्यांत भरायचा, यातच त्यांचे केस पांढरे झाले. जॅम उत्तम होताच, पण काकांचा खरा जीव बरण्यांत अडकलेला. बाहेरून घरात आलेली कुठलीही बरणी, बाटली, डबी, मग ती कितीही नवीकोरी असो, आधी साबणाने धुवायची, मग उकळत्या पाण्यातून काढायची आणि स्वच्छ फडक्यावर पालथी घालायची. हे काम त्यांचे हात आपोआप करत. डोकं नंतर सावकाश येई. एकदा त्यांनी बायकोची गुलाबपाण्याची बाटली अशीच धुऊन, उकळून पालथी घातली होती. ती अर्धी भरलेली होती. त्या प्रकरणावर काकू आजही दर काही दिवसांनी दोन शब्द बोलत.

अशा टापटिपीच्या माणसाचं पोट बिघडावं, म्हणजे काय म्हणावं! पण बिघडलं खरं. गेले कित्येक आठवडे पोटात नुसती गुडगुड, फुगारा, कळा, आणि मधूनच हातातला झारा टाकून पळत सुटायची वेळ. काका कुणाला सांगत नव्हते. त्यांना तो विषय काढायचीच लाज. उभ्या आयुष्यात त्यांनी त्या गोष्टीचा उल्लेख ‘ते’ यापलीकडे केला नव्हता.

एरवी त्यांनी हे असंच रेटलं असतं, पण मधे नात जन्माला आली.

काकांना एकुलती एक मुलगी. तिला ते चमची म्हणत, कारण लहानपणी कढई शेगडीवर चढली की ही बया चमचा घेऊन शेजारी हजर. चमचीचं बाळ जरा लवकर आलं, वजनाने कमी भरलं. म्हणून दोघींना इस्पितळातच ठेवून घेतलं होतं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी सक्त ताकीद दिली होती, ज्याचं पोट बिघडलंय त्याने बाळाला हात लावायचा नाही. आधी तपासून घ्यायचं, मग बघू. काकूंनी नातीला मांडीवर घेतलं, काकांनी मात्र तिला काचेच्या दारातून पाहिलं. जन्मभर काचेतूनच माल पारखलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांना काचेचा राग आला. थोड्याच दिवसांत मायलेकी काकांकडे राहायला येणार होत्या. त्या दारात आल्या की नात आधी आपल्या हातात यायला हवी, एवढी एकच इच्छा काकांनी धरली होती. तेवढ्यासाठी ते डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसले.

“बोला काका, काय होतंय?”

“ते जरा... पोटाचं...” काकांनी हवेत हात फिरवला.

डॉक्टरीणबाई समजून गेल्या. “जुलाब? किती वेळा?”

काकांनी बोटं दाखवली. एका हाताची पुरली नाहीत.

“बाहेरचं काही खाता?”

“छे, छे! घरचं साधं जेवण.”

“अधूनमधून काही तोंडात टाकायची सवय?”

“मुळीच नाही,” काका ठामपणे म्हणाले. आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे ते शंभर टक्के खरं होतं.

“सध्या पाण्याच्या तक्रारी फार आहेत. पोटात जंत झालेत का ते बघू या. शौचाची तपासणी करून घ्या. एक दिवस सोडून एक, असे तीन दिवसांचे नमुने द्यायचे. तोवर पोटाचं कुठलंही औषध घ्यायचं नाही, एरंडेल नाही, पित्ताच्या गोळ्या नाहीत. बाकीचं लॅबमध्ये समजावतील.”

लॅबमधली मुलगी हुशार होती, कामाची होती, फक्त तिचा आवाज खणखणीत होता. तिने झाकणाच्या तीन डब्या काउंटरवर मांडल्या. प्रत्येकीत तळाशी थोडं पाण्यासारखं औषध होतं, आणि झाकणाला आतून इवलासा चमचा.

“आजोबा, नीट ऐका हं! शौचाला बसण्याआधी लघवी करून घ्यायची. दोन्ही एकत्र नाही झालं पाहिजे! संडासातलं पाणीही लागता कामा नये. कोरड्या कागदावर किंवा भांड्यात धरायचं, मग या चमच्याने...”

काकांच्या मागे रांगेत कोण असावं? शेजारचा शिंपी. रक्तातली साखर तपासायला आलेला. गल्लीत कुणाच्या पँटची शिवण उसवली हेसुद्धा ज्याच्या तोंडून सगळ्यांना कळतं तो हा. काकांचे कान तापले. त्यांनी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे डोळे लावले आणि त्यातल्या निळ्या-लाल नळ्या मोजायला घेतल्या. मुलगी बोलत होती, डबीतल्या औषधाबद्दल काहीतरी सांगत होती, आणि काका मान हलवत होते.

“समजलं ना?”

“समजलं, समजलं,” म्हणत काकांनी डब्या पिशवीत कोंबल्या आणि पोबारा केला.

घरी येऊन त्यांनी पिशवी रिकामी केली. डब्या ओट्यावर ठेवल्या. आणि पुढे जे व्हायचं ते झालं. काकांच्या हातांनी एकेक झाकण उघडलं, तळाचं ‘राहिलेलं पाणी’ मोरीत ओतलं, डब्या साबणाने घासल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या आणि फडक्यावर पालथ्या घातल्या. कोणाच्या तरी वापरलेल्या असणार, नीट सुकवल्याही नाहीत, असं ते पुटपुटले. वर त्या लखलखीत डब्यांकडे बघून त्यांना समाधानही वाटलं.

पुढचे दिवस काकांनी परीक्षेला बसल्यासारखे काढले. कागद पसरला, लघवी आधी, पाण्याचा थेंब नाही, सगळं सांगितल्यासारखं. म्हणजे जेवढं ऐकलं होतं तेवढं. डबीवर नाव आणि तारीख लिहायची होती. घरात चिकटवायच्या चिठ्ठ्या एकाच प्रकारच्या, त्या काकूंनी आणून दिल्या. त्यांवर स्ट्रॉबेरीचं चित्र होतं आणि खाली छापलेलं, ‘घरगुती. ताजा. कोणताही कृत्रिम रंग नाही.’

“हे लावू?” काका हबकले.

“मग काय झालं? खोटं काय आहे त्यात?” काकू म्हणाल्या आणि हसू दाबत आत गेल्या.

भरलेल्या डब्या ठेवायच्या कुठे हा मोठा पेच. फ्रिजला हात लावलात तर याद राखा, असं काकूंनी बजावलं. जॅमच्या खोलीत ठेवायला काकांचं मन धजेना. शेवटी स्कूटरच्या डिकीत जागा मिळाली. स्कूटर दिवसभर उन्हात उभी असे, याचा विचार कुणीच केला नाही.

गंमत अशी की त्याच दिवसांत घरात रोज सकाळी चमचीचा फोन यायचा आणि काकू अंगणात उभ्या राहून मोठ्याने बोलायच्या. “केली का गं? किती वेळा? पिवळी ना? छान, छान! घट्ट की पातळ?” मग फोन ठेवून कुंपणापलीकडच्या शिंपिणीला, “आमच्या नातीने आज तीनदा केली हो!” शिंपीण कौतुकाने “अरे वा!” म्हणायची. काका आत बसून विचार करत. एवढ्याशा पोरीचं जाहीर कौतुक, आणि इथे आपण डबी रुमालात गुंडाळून चोरासारखे स्कूटरकडे जातो. त्यांना दोन्हीची लाज वाटे.

एवढ्या धामधुमीत त्यांचं काम मात्र बंद नव्हतं. उलट जोरात होतं. चमचीला दिवस गेले असताना तिच्या रक्तात साखर निघाली होती. त्या दिवशी तिने फोनवर सांगितलं, “बाबा, तुमचा जॅम बंद झाला माझा,” आणि मोठी बाई असून हुंदके देऊन रडली. काकांनी फोन ठेवला, बाजारात जाऊन साखरेऐवजी घालायची गोड पूड आणली आणि बिनसाखरेच्या जॅमच्या मागे हात धुऊन लागले. जमल्याशिवाय मुलीला सांगायचं नाही, असं ठरवलेलं. रोज एक छोटी कढई चढायची. कधी फार पातळ, कधी रबरासारखा, कधी गोडी जिभेवरून हटता हटेना. काका चाखत, नाक मुरडत, पूड वाढवत, पुन्हा चाखत. चाखल्याशिवाय जॅम होत नाही. त्यांच्या लेखी ते काम होतं. खाणं ते ताटात वाढलेलं.

तिन्ही डब्या घेऊन काका लॅबमध्ये गेले ते जरा ऐटीतच. मुलीने पहिली डबी उजेडात धरली, हलवली, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. झाकण किंचित सैल केलं आणि झटकन परत लावलं.

“आजोबा, यातलं औषध कुठे गेलं?”

“कसलं औषध?”

“डबीत होतं ते! त्यात नमुना टिकतो. ओतायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना मी?”

काका हळूच म्हणाले, “मी धुतल्या.”

“धुतल्या?”

“उकळल्यासुद्धा.”

मुलीने तोंडावर हात घेतला. ती हसतेय की कपाळ बडवून घेणार आहे ते काकांना कळेना. तेवढ्यात तिचं लक्ष चिठ्ठीकडे गेलं. ‘घरगुती. ताजा.’ तिने वाचलं, डबीकडे पाहिलं, आणि मग तिला राहवेना. खुर्चीत बसून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हसून झाल्यावर बिचारीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

“हे तिन्ही नमुने वाया गेले,” ती काकांना म्हणाली. “पण बाई म्हणतात, तूर्त एका ताज्या नमुन्यावर बघू. ही कोरी डबी घ्या. झालं की लगेच आणायचं, अर्ध्या तासाच्या आत. दुपारी रिपोर्ट देते. आणि आजोबा, धुवू नका.”

काकांची ऐट मावळली होती. परवा चमची येणार होती. आता ते दारात उभे राहणार आणि नात त्यांच्या समोरून आत जाणार. स्वतःच्या लाजेपायी, दुसरं काय! ऐकून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? घरी येऊन त्यांनी ती कोरी डबी कपाटात वर ठेवली, आणि हात पुन्हा सवयीने नळाकडे जाऊ नयेत म्हणून कपाटाची किल्ली काकूंकडे दिली.

बाळ येणार म्हणून काकूंनी घर धुऊन काढायला घेतलं होतं. त्यात जॅमची खोलीही आली. शेगडी बंद, कढया पालथ्या. “दोन दिवस हात आवरा,” काकू म्हणाल्या. काकांनी हात आवरले. आणि काय चमत्कार, ज्या पोटाने इतके आठवडे त्यांना पळता भुई थोडी केली होती ते एकदम गप्प बसलं. पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे चमची यायची त्याच सकाळी, काका कागद पसरून तयार, आणि पोट जागचं हलेना.

“कोमट पाणी प्या,” दाराबाहेरून काकू.

“प्यायलो.”

“फेऱ्या मारा.”

“मारल्या.”

“एरंडेल देऊ का चमचाभर?”

“अगं, चालत नाही एरंडेल! तपासणी बिघडते!” काका आतून ओरडले.

“मग त्याचा विचार करू नका. दुसरं काहीतरी आठवा.”

काका दुसरं काय आठवणार? त्यांना ते काचेचं दार आठवलं, त्यामागचा मुठीएवढा चेहरा आठवला, जांभई देताना वाकडं झालेलं ते तोंड आठवलं. चमचीही अशीच जांभई द्यायची. काका एकटेच हसले. आणि नातीच्या आठवणीत असतानाच पोटाने मनावर घेतलं.

“झाली!” काकांनी आरोळी ठोकली.

“काय झाली?” काकू धावत आल्या.

“अगं, ती! डबी आण!”

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. डबी भरली, झाकण लावलं, नाव टाकायला पुन्हा तीच स्ट्रॉबेरीची चिठ्ठी, गिऱ्हाइकांना जॅम द्यायच्या पिशवीत डबी, हात धुतले, पुन्हा धुतले. काका स्कूटरकडे गेले, तर काकूंनी कालच्या सफाईत तिलाही पाइपने न्हाऊ घातलेली. लाथेमागून लाथ मारली, ती फक्त खोकली. काकांनी स्कूटरचा नाद सोडला आणि पिशवी छातीशी धरून चालायला लागले. चालताचालता पळायला लागले.

कोपऱ्यावर शिंपी दुकान उघडत होता. “काका, सकाळी सकाळी माल कुणाकडे?”

“तपासायला!”

“आम्हालाही द्या की थोडा!”

काका उत्तर द्यायला थांबले नाहीत. ते वळणार तोच समोरून एक गाडी आली आणि करकचून थांबली. पुढे जावई, मागे चमची, आणि चमचीच्या कुशीत एक पांढरं गाठोडं. ठरल्या वेळेपेक्षा दोन तास आधी!

“बाबा!” चमचीने काच खाली केली. “कुठे पळताय? हिला बघा तरी!”

काका थबकले. गाठोड्यातून एक गुलाबी मूठ बाहेर आली होती. दोन पावलं पुढे टाकली की झालं. हात आपोआप पुढे होतही होते. पण एका हातात पिशवी होती, आणि पिशवीत डबी. काकांनी एकवार मुठीकडे पाहिलं, एकवार पिशवीकडे.

“थांबता येत नाही गं!” ते पिशवी उंचावून ओरडले. आवाज त्यांना स्वतःलाही अनोळखी वाटला. “माझी शी आहे ही! ताजी आहे! अर्ध्या तासात पोचवायची आहे!”

शिंप्याच्या हातातली किल्ली खाली पडली. मग जावयाने मागचं पुढचं न बघता हॉर्न वाजवून दाद दिली, गाडीत चमची खो खो हसायला लागली, आणि काका पळत सुटले. गंमत म्हणजे त्यांना जराही लाज वाटली नाही.

दुपारपर्यंत काका जॅमच्या खोलीत बसून होते. नात पुढच्या खोलीत, मधे दार. दार उघडं होतं, पण उंबरा ओलांडायचा नाही असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. बाळ रडलं की ते उठत, शांत झालं की बसत. शेवटी फोन वाजला. काकांनी तो स्पीकरवर टाकूनच घेतला. आता लपवायचं काय उरलं होतं?

“काका, अभिनंदन,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “जंत नाहीत, त्यांची अंडी नाहीत, काही म्हणजे काही नाही. मला कळतच नाही मग पोट कशाने बिघडलं. खरं सांगा, पोटात काय जातंय?”

तेवढ्यात चमची दारात येऊन उभी राहिली. तिची नजर फळीवरच्या बरण्यांवर गेली. ओळीने लावलेल्या छोट्या छोट्या बरण्या, एकीवरही चिठ्ठी नाही. “बाबा, हा कुठला जॅम?”

काका ओशाळले. “तुझ्यासाठी करत होतो. बिनसाखरेचा. अजून जमला नाही.”

“बिनसाखरेचा?” फोनमधून डॉक्टरीणबाई. “मग गोड कशाने करता?”

“ती साखरेऐवजीची पूड असते ना, बाजारात मिळते ती.”

“आणि तो खाता तुम्ही?”

“खात नाही हो. चाखतो.”

“किती चाखता?”

काकूंनी आतून उत्तर दिलं. “रोज वाटीभर तरी जातो पोटात! वर कढई खरवडतात ते वेगळं!”

“आणि हे दोन दिवस?”

“हे दोन दिवस शेगडी बंद होती,” काका म्हणाले, आणि बोलताबोलताच त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. “काका, ती पूड जास्त पोटात गेली की असंच होतं. वाटीभर चाखल्यावर पोटाने करायचं तरी काय? बंद करा, आणि बिनधास्त नातीला घ्या. हात धुऊन.”

“ते काय सांगायला हवं!” काका म्हणाले.

चमचीने तोवर एक बरणी उघडली होती. चमचा कुठे असतो ते तिला लहानपणापासून ठाऊक. तिने एक चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, आणि तिचा चेहरा वाकडातिकडा झाला.

“बाबा, भयंकर आहे हा.”

“माहीत आहे मला.”

“कधीपासून करताय?”

“तू फोनवर रडलीस तेव्हापासून.”

चमचीने दुसरा चमचा घेतला. तोही तितकाच भयंकर असणार, पण तिने तो पुरा खाल्ला, आणि डोळ्यांतलं पाणी जॅमच्या चवीमुळे आल्यासारखं दाखवलं. मग म्हणाली, “माझी साखर आता ठीक आहे, बाबा. डॉक्टर म्हणाले, बेताने खाल्लं तर तुमचा नेहमीचा जॅमसुद्धा चालेल.”

“हे आधी सांगायचं नाही का?”

“तुम्ही तरी कुठे सांगितलंत!”

काकांनी हात धुतले. साबणाने कोपरापर्यंत, पुन्हा एकदा, मग कोमट पाण्याने. “उकळून घेताय की काय?” काकू ओरडल्या. काका स्वच्छ फडक्याला हात पुसून पुढच्या खोलीत आले, पलंगाच्या कडेला टेकले, आणि चमचीने नात त्यांच्या हातांत दिली. केवढीशी ती, अर्ध्या किलोच्या बरणीपेक्षा जरा मोठी इतकंच! काकांना वाटलं होतं आपण काहीतरी बोलू. पण ते नुसते बघत राहिले. नातीने डोळे किलकिले केले, वाकडं तोंड करून जांभई दिली, मग एकदम लाल झाली, कुंथली, आणि काकांच्या तळहाताला खालून ऊब लागली.

“अगं बाई!” चमची पुढे झाली. “द्या बाबा इकडे, मी बदलते.”

“थांब,” काका म्हणाले. त्यांनी नातीला आणखी जवळ घेतलं आणि खिडकीकडे तोंड करून, कुंपणापलीकडच्या शिंपिणीला सहज ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, “आमच्या नातीने केली हो! माझ्या हातात केली!”

“अरे वा!” पलीकडून शिंपीण म्हणाली. “पिवळी ना?”

“बघून सांगतो,” काका म्हणाले.